धुऱ्यावरून दारात आलेल्या अंबाडीस

मु. पो. धामणगाव बढे,
ता. मोताळा, जि. बुलडाणा.
श्रावण, शुक्ल पक्ष.

तीर्थस्वरूप अंबाडीबाईंस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र लिहिण्यास कारण की, तू आमच्या अंगणात राहायला आलीस त्याला बरेच पावसाळे झाले, पण एका उंबऱ्यावर राहूनही तुझ्याशी नीट बोलणं असं झालंच नाही. सकाळी पाणी घालते, शेंडे खुडते, तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जातं. आज झड लागली आहे, निंदणाला कुणी वावरात गेलेलं नाही, म्हणून निवांत लिहायला बसले. तुझ्या वयाला आणि मानाला ‘अहो’च शोभलं असतं, पण आमच्या घरी आईला आणि आजीला ‘तू’ म्हणतात, तेच इथेही चालवून घे.

आधी खुशाली. ओट्याच्या कडेच्या रंगाच्या दोन बादल्यांत तू कमरेला लागतेस. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात हिरव्या देठाची, फुटक्या हंड्यात लाल देठाची, आणि सिमेंटच्या गोणीत उशिरा टोबलेली, अजून वीतभरच. मागे खुडलेल्या प्रत्येक शेंड्याच्या जागी दोन-दोन फुटवे निघाले आहेत. काल समोरच्या घरी ओंजळभर भाजी गेली, परवा मागच्या गल्लीत. तिकडून वाटी रिकामी परत आली नाही, हेही तुला कळवते. चिवळीची भाजी आली.

आता तक्रारीचं. आपलं नातं जुनं आहे म्हणून स्पष्टच लिहिते. तू धुऱ्यावरून गेलीस आणि जाताना चकार शब्द बोलली नाहीस.

तुला कुणी स्वतंत्र वावर दिलं असं मला आठवत नाही. कपाशी, ज्वारी, तूर यांची पेरणी आटोपली की मुठीत तुझं बी घ्यायचं आणि कडेच्या तासात सोडत जायचं. खत नाही, डवरणी नाही. तरी भादव्यात तू माणसाच्या डोक्यावर जायचीस आणि कुणाचं वावर कुठे संपलं ते लांबून दाखवायचीस. भाजीला पाला न्यायचा तर वावराच्या मालकाला विचारायचीही पद्धत नव्हती. वाटेने जाणारी बाई पदरात चार शेंडे घेऊन पुढे जायची.

मग सोयाबीन आलं. २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली आणि आमच्या घाटाखालच्या गावांत तिच्या पाकिटांची रांग लागली. निंदणाला बाया मिळेनात, मजुरी परवडेना, आणि तणनाशकाचा पंप पाठीवर चढला. धुऱ्यावर फवारा मारताना गवत कोणतं आणि अंबाडी कोणती हे औषधाला कळत नाही; फवारणाऱ्यालाही कळेनासं झालं, कारण त्याच्या लेखी तू पीक नव्हतीसच. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, त्याची ओढाताण मी घरात बघितली आहे. पण एखादं झाड गावातून जाण्यासाठी त्याचा कुणी वैरी असावा लागत नाही. ज्याची नोंद नाही, ज्याचा भाव बाजार समितीच्या फळ्यावर लागत नाही, ते नुसतं विसरलं तरी जातं. माझा राग आहे तो याचा.

तुझं दुसरं काम नायलॉनने नेलं. आमच्या नव्या सुनांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. तुला फूल धरलं की खोडं कापायची, मोळ्या बांधायच्या आणि नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या. दोन-तीन आठवड्यांत साल कुजून सुटायची. तो वास अर्ध्या शिवारात फिरायचा आणि डोहात उतरणाऱ्या माणसाच्या अंगाला पुढे कितीतरी दिवस राहायचा. माझे सासरे गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेक खोड सोलायचे, धुवायचे, आपटायचे. वाळल्यावर तो वाख पांढरट, चमकदार व्हायचा. हिवाळ्याच्या रात्री ओसरीवर बसून ते मांडीवर पीळ देत राहायचे आणि सकाळी खुंटीला कासरे, दावी, वेसणी टांगलेल्या असायच्या. उरलेल्या काड्या चुलीला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या नाकात नवी वेसण जायची ती तुझीच. विहिरीवर पोहऱ्याला दोर तुझाच.

आणि पोळ्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी आमच्याकडच्या बाया बैलाच्या कष्टाचं अन्न खात नाहीत. नांगर न लागलेल्या जागेतलं, हाताने लावलेलं तेवढंच ताटात घेतात. माझी आजी त्या दिवशी वावरातली अंबाडी घ्यायची नाही, परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली घ्यायची. ऋषीच्या भाजीत अळू, माठ, भोपळा, आणि आंबटपणासाठी तू. वर्षभर बैलाला बांधून ठेवणारी तू, आणि बैलाला सुट्टी असलेल्या दिवशी ताटात पहिली तू! पाच दिवसांच्या अंतरात हे दोन्ही मान दुसऱ्या कुठल्या झाडाला मिळत असतील असं मला वाटत नाही. म्हणूनच अंगणातल्या डब्यात तुला लावताना मला कधी कमीपणा वाटला नाही. परसातली जागा तुझी आधीपासूनच होती. परस तेवढं उरलं नाही.

परसाच्या जागी आता पक्की खोली आहे आणि पुढे फरशी. म्हणून डबे. यात मी काही नवीन केलं असा दावा नाही. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी प्रयोग परिवार जमवला तो साध्या माणसांनी आपापल्या जागेत करून बघावं आणि एकमेकांना सांगावं यासाठीच. मुंबईत डॉ. दोशींनी गच्चीवर पिंपांत आणि पिशव्यांत उसाची चिपाडं भरून भाजी काढली. त्यांच्याकडून शिकून प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग उभी केली, तीही तिथल्याच ओल्या कचऱ्यावर. आमच्याकडे ऊस कुठला आलाय? आमच्याकडे कुटार आहे, भुईमुगाची टरफलं आहेत, पऱ्हाटी आहे. तेवढ्यावर तुझं भागतं.

मातीबद्दल मात्र तुझे माझ्यावर उपकार आहेत, कारण ती मला तूच समजावून सांगितलीस. आपली काळी माती वावरात सोनं. डब्यात तीच वैरीण होते. पाणी पडलं की फुगते, हवेच्या वाटा बुजवते, मुळं घुसमटतात. ऊन लागलं की आकसते आणि डब्याच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, पाणी तर रोज घालते, तरी झाड का माना टाकतं! म्हणून तीन घमेल्यांत काळी माती एकच. दुसरं पुरतं मुरलेल्या शेणखताचं, तिसऱ्यात नदीची जाड वाळू, टरफलं, कुटार आणि कुजलेल्या पऱ्हाटीचा चुरा. किडकी बोंडं लटकलेली पऱ्हाटी घेत नाही, तिच्यातून अळीचे कोष घरात येतात. बुडाला बोटभर भोकं, शिवाय बुडाच्या दोन बोटं वर बाजूलाही दोन, कारण फरशीवर टेकलेली भोकं मुळांनी बुजतात. खोली फूटभर तरी हवी. तुझं सोटमूळ सरळ खाली जाणारं आहे, पसरट टोपल्यात तू नुसती रुसून बसतेस.

खाण्यापिण्याचे तुझे फार नखरे नाहीत. जीवामृत देते, तेही घरच्या मापाने. सुभाष पाळेकर आपल्याच विदर्भातले, बेलोऱ्याचे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं माप २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि धुऱ्याची मूठभर माती. मी वीस लिटरच्या बादलीत त्याचा दहावा हिस्सा करते. एक किलो शेण, दोनशे ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन. माती मात्र आमच्या जुन्या धुऱ्यावरूनच आणते, जिथे तू उभी असायचीस. तिथे आता तू नाहीस. निदान तिथली मूठभर माती तुझ्यापर्यंत यावी.

दोन वर्षांमागे पुण्याच्या भाचीने केलचं बी पाठवलं. मोठ्या शहरांतल्या दुकानांत त्याची जुडी काय भावाने जाते हे ऐकून आमच्या जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. मी त्या पाहुणीला पूर्ण मान दिला. कोबीच्याच घराण्यातली, पण गड्डा न धरणारी. काश्मीरमध्ये हाक म्हणून रोज भाताबरोबर खातात ती भाजी हिच्याच गोतातली. दिवाळीनंतर बादलीत लावली. खालची पानं काढत गेलं की वरून नवीन देत राहते, हा गुण मला आवडला. थंडी पडली की पानात साखर उतरते आणि भाजी गोडसर लागते. पण मावा इतका आला की रोज पानं उलटून धुवावी लागली, आणि फेब्रुवारी सरताना आमच्या उन्हाने तिचा जीव कासावीस झाला. तिचा काही दोष नाही, ती थंड मुलखाची. हिवाळ्यात अजूनही एक बादली तिला देते. पण चैत्र-वैशाखात, पारा चव्वेचाळीसला टेकल्यावर, बाजारातला पालक दुपारी बारालाच मलूल होतो, तेव्हा दारात हिरवं म्हणून उभी असतेस ती तू. दोन वेळा पाणी मागतेस, तेलाच्या डब्याला पश्चिमेकडून ओलं गोणपाट गुंडाळून मागतेस, बस.

आता तुझ्या हट्टाबद्दल. फाल्गुनात टोबली तरी भादव्यापर्यंत पाला, आषाढात टोबली तरी भादव्यापर्यंतच पाला, आणि दसऱ्याच्या सुमारास सगळ्या डब्यांत एकदम फुलं! कोजागरीला टोबलेली तर गुडघ्याएवढीही होत नाही, लगेच कळी धरते. मी खत वाढवलं, शेंडे खुडले, पाणी बदललं, तू ऐकलं नाहीस. तू दिवस मोजतेस हे मला फार पुढे समजलं. दिवस सुमारे साडेबारा तासांच्या खाली उतरला, रात्र लांबली, की तुझं पानांचं काम संपतं. याची साक्ष अंगणातल्या दिव्यानेच दिली. दिव्याच्या अगदी खाली ठेवलेली बादली बाकीच्यांहून पुष्कळ दिवस मागे राहिली, हिरवीगार, कळीचं नाव नाही, कारण तिची रात्र कधी पुरती काळोखी झालीच नव्हती. तेव्हापासून तुझ्याशी भांडण सोडलं. पाला हवा तर होळीच्या आसपास टोबायचं आणि सहा महिने खुडत राहायचं, हे आता गल्लीतल्या सगळ्यांना पाठ आहे. बी रात्रभर भिजवायचं, अर्धा इंच खोल टाकायचं, दाट उगवलं तर उपटून पहिली कोवळी भाजी त्याचीच करायची आणि बादलीत चार-पाचच ठेवायची.

दुसरं गाऱ्हाणं तुझ्या माहेरचं. कपाशी तुझी भाऊबंद, भेंडी आणि जास्वंद तुझ्या गोतातल्या. त्यामुळे त्यांचे आजार तुझ्या घरी मुक्कामाला येतात. वावरात कपाशी पिकली की पांढरी माशी आणि तुडतुडे उडत अंगणात येतात. पिठ्या ढेकूण देठाच्या बगलेत कापसासारखा बसतो आणि मुंग्या त्याला एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेऊन सोडतात. फडक्याला साबणाचं पाणी लावून पुसत बसते, फार झालं तर ती फांदीच काढून टाकते. खायच्या पाल्यावर विषारी औषध मारणार नाही, हे माझं ठरलेलं आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमच्या भागातली कपाशी पोखरली. ती अळी तुझ्या बोंडांतही राहू शकते, म्हणून किडलेलं बोंड दिसलं की तोडून चुलीत घालते. तुझ्या पायी शेजारच्या वावराला त्रास झाला असं कुणी म्हणू नये.

पण एवढं सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. रविवारी सकाळी पाला निवडून शिजवायचा, त्याचं पाणी थोडं काढून टाकायचं, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ वेगळी शिजवून त्यात घोटायची, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, आणि वरून कडकडीत तेलात लसूण नि लाल मिरच्या. लोखंडाच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळेच्या गंजात शिजवायची नाही, तुझा आंबटपणा धातू सोडवतो. तुझ्यात ऑक्सॅलिक आम्लही जास्तच असतं, म्हणून मुतखडा झालेल्या आमच्या दिरांना एकच वाटी वाढते. ते दुसरी मागतात आणि मी देत नाही. आंध्रात तुला गोंगुरा म्हणून लग्नाच्या पंगतीत बसवतात, तुझ्या लोणच्याच्या बरण्या परदेशात जातात. आमच्याकडे तू गरिबाची भाजी म्हणून मागे राहिलीस. मला ते पटत नाही. महालक्ष्म्यांच्या ताटात आंबिलीशेजारी तुझी जागा आहे, मग एरवी पाहुण्यांपुढे तुला वाढायला संकोच कसला?

आता विनंती, आणि हीच या पत्राची मुख्य गोष्ट.

आठवडी बाजारात तुझी जुडी अजून कधीमधी येते, पण बी मिळत नाही. कृषी केंद्रात मागितलं तर दुकानदार पालक-मेथीची पाकिटं पुढे करतो. जी आजी पुरचुंडीत बी बांधून आढ्याला टांगायची, ती गेली की त्या घरातली अंबाडी गेली. तुझ्या या हिरव्या देठाच्या जातीचं बी आमच्या सासूबाईंनी त्यांच्या माहेराहून आणलेलं आहे. ते आता वावरात कुठेच नाही. या डब्यांत आहे तेवढंच आहे. म्हणून यंदा प्रत्येक डब्यातली दोन झाडं मी पोळ्यानंतर खुडणार नाही. त्यांना शेंडा सोडते, तू त्यांना फुलू दे. तुझं फूल बहुतेक आपल्याच परागावर फळतं, त्यामुळे हिरवी आणि लाल शेजारी असल्या तरी फारशी सरमिसळ होत नाही. तरी हंडा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेईन, माझ्या मनाची खात्री म्हणून. लाल बोंडांच्या पाकळ्या सरबताला आणि चटणीला अर्ध्याच घेईन, अर्ध्या झाडावर राहतील. मार्गशीर्षात बोंडं खडखड वाजली की हातमोजे घालून तोडेन, कारण वाळल्यावर तुझी लव बोटांत रुतते. बी उफणून, वाळवून, राखेत घोळून काचेच्या बरणीत.

आणि संक्रांतीला ते वाण म्हणून वाटायचं ठरवलं आहे. दरवर्षी आम्ही प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या लुटतो, त्या माळ्यावर जातात. यंदा कागदाच्या पुडीत चमचाभर बी, आणि पुडीवर लिहिलेलं, ‘होळीनंतर टोबा. दोन झाडं बियाण्याला ठेवा. पुढच्या संक्रांतीला चमचाभर परत आणा.’ नवरा असलेली, नसलेली, सगळ्या बायांना बोलावणार आहे. बी राखायला कुंकू लागत नाही. वीस घरांत वीस बादल्या झाल्या तर एखाद्या घरी पाणी कमी पडलं, एखाद्या घरी शेळीने खाल्लं, तरी तू गावातून जाणार नाहीस. मग एखाद्या वावराचा मालक धुऱ्याची एक बाजू फवारायची सोडेल, अशी आशा आहे. दोघांशी बोलणं झालं आहे, एक हो म्हणाला आहे.

तेव्हा तुझ्याकडे मागणं एवढंच, की यंदा बोंडं भरगच्च धर. दिव्याखालची बादली मी उद्याच अंधाराकडे सरकवते, तुला तेवढं निमित्त नको. पाऊस जास्त झाला तर डब्यांखाली विटा लावीन, थंडी लवकर आली तर काही करू शकणार नाही, ते तू सांभाळून घे.

बाकी सर्व ठीक. थोरांस नमस्कार, धाकट्या चिवळीस आणि तांदुळजास आशीर्वाद. लोभ आहे, तो वाढावा ही विनंती.

तुझी,
ओट्यावरची लेक

ता. क. उद्या नणंदेकडची माणसं जेवायला आहेत. रंगाच्या बादलीतले शेंडे पहाटेच खुडणार आहे, गोणीतल्या लहानग्यांना हात लावणार नाही.